जुना ट्रायपॉड, नवा ट्रायपॉड आणि कोठीचं दार

आधीच सांगते — असले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आले. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघांनी मिळून प्रत्येक ओळीत खुसपट काढायचं, हा आमच्या घरचा करमणुकीचा कार्यक्रम. भूत, भानामती, बाधा... यातलं मला काही पटत नाही, आणि पटवून घ्यायला वेळही नाही. मी नाशिकला लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करते. आमच्या धंद्यात चमत्कार रोज होतात. शटर स्लो राहिलं की एका नवरदेवाचे दोन दिसतात. लेन्सवर बोटाचा ठसा असला की नवरीच्या डोक्यामागे तेजोवलय येतं. प्रत्येकाला कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा आपलाच गाढवपणा असतो.

त्यामुळे हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस माझी घालमेल चालली होती. नवरा म्हणाला, लिहून टाक, निदान घरात येरझाऱ्या घालणं तरी थांबेल.

तर... मी काम एकटीच करते. एक कॅमेरा ट्रायपॉडवर स्टेजकडे तोंड करून पक्का लॉक करायचा — त्याला आम्ही मास्टर म्हणतो — आणि दुसरा हातात घेऊन माणसांत हिंडायचं. मास्टरकडे कार्यक्रम संपेपर्यंत कोणी बघत नाही. हलायचं नाही, एवढीच त्याची नोकरी. तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला, तोच माझ्या ट्रायपॉडने मान टाकली. ओझरजवळच्या एका लग्नात त्याच्या पायाचा लॉक तुटला आणि कॅमेरा थेट एका मावशींच्या मांडीवर. मावशींनी तो झेलला म्हणून वाचला. आणि मार्गशीर्षात माझ्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचं, प्राजूचं लग्न होतं. शूटिंग मीच करायचं, हे तिने कधीच सांगून ठेवलं होतं. "दुसरा कोणी आला तर मी कॅमेऱ्याकडे बघणारच नाही," म्हणे.

महात्मा गांधी रोडच्या एका गल्लीत सलीमभाईंचं छोटं दुकान आहे. कॅमेऱ्याची दुरुस्ती आणि जुन्या सामानाची खरेदी-विक्री. त्यांनी माझ्यापुढे दोन ट्रायपॉड उभे केले. दोन्ही हेवी ड्युटी, माझा कॅमेरा काय, एखादा माणूस बसवला तरी पेलतील असे. एक नवाकोरा, कार्बनचा, एका हाताने उचलला जाईल असा, पायांना चटकन उघडणारे लॉक. दुसरा जुना, अॅल्युमिनियमचा, रंग उडालेला आणि वजनाला असा की खांद्यावर घेतला की माणूस वाकडाच चालायला लागतो. पण त्याचं हेड, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग! हँडल धरून कॅमेरा आडवा फिरवायचा, त्याला पॅन म्हणतात — जुन्याचा पॅन लोण्यासारखा होता. नव्याचा सुरुवातीला किंचित अडकत होता. किंमत दोघांची जवळपास सारखीच, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. मी आळीपाळीने दोघांना धरून, हलवून, ठोकून बघत बसले.

"ताई, लोक पोरगी पसंत करायला पन एवढा टाइम नाय घेत," सलीमभाई वैतागून म्हणाले. "ऐसा करो, दोन्ही घेऊन जा. दोन-चार प्रोग्रॅम करा. जो नको तो आनून द्या."

हा जुना कोणाचा, असं विचारलं, तर म्हणाले हरसूलकडच्या एका शूटिंगवाल्याचा आहे, महाले नावाच्या. धंदा सोडला त्याने, आता शेती करतो.

जुना मी पहिल्यांदा लावला तो सिडकोतल्या एका डोहाळजेवणाला. बायकांच्या कार्यक्रमांना मला जास्त बोलावतात, कारण कॅमेरावाली बाईच असलेली सगळ्यांना बरी वाटते. दुपारचा कार्यक्रम, छोटा हॉल. फुलांनी सजवलेला झोपाळा, त्यावर हिरव्या साडीत सून. मास्टर झोपाळ्यावर लॉक केला आणि मी हातातला कॅमेरा घेऊन बायकांत शिरले.

गंमत दिसली ती एडिटिंगला बसल्यावर. बायका रांगेने ओटी भरतायत, गाणी चालली आहेत... आणि मधेच फ्रेम डावीकडे सरकायला लागली. धक्का नाही, झटका नाही. मुरलेल्या कॅमेरामनने हँडल धरून सावकाश फिरवावी तशी. झोपाळा बाहेर गेला, पाहुण्या बाहेर गेल्या आणि चित्र येऊन थांबलं मागच्या दारावर. दारात एक बाई उभी होती. हातात पाण्याचे ग्लास ठेवलेला ट्रे, नजर झोपाळ्याकडे, आणि ओठ हलत होते. सगळ्यांबरोबर तीही गाणं म्हणत होती, तिथूनच. ती सुनेची थोरली जाऊ. तिला मूल नव्हतं, म्हणून ओटी भरायला तिला पुढे कोणी बोलावलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मी काय केलं असेल? स्वतःला शिव्या घातल्या. लॉक नीट बसला नसेल, दुसरं काय. तेवढा तुकडा कापला आणि हातातल्या कॅमेऱ्याचं चित्र जोडून दिलं. पण सगळं मूळ शूटिंगही त्या लोकांना हवं होतं, ते बघून सासूबाईंचा फोन आला. "कौतुक आमच्या सुनेचं होतं. तुम्ही जावेला काय दाखवत बसलात?" आता काय सांगणार? मी नाही दाखवली, ट्रायपॉडने दाखवली?

सलीमभाईंनी हेड उघडून बघितलं. लॉक ठणठणीत. घरी मी त्याच्यावर कॅमेरा चढवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लॉक केला आणि दुपारभर तसाच रेकॉर्डिंगवर ठेवला. बाजूने उड्या मारल्या. हँडलला झोळी अडकवून तिच्यात बटाटे भरले. नवरा बघत होता, म्हणाला, "घरात बरं आहे ना सगळं?" ट्रायपॉड तसूभर हलला नाही.

दुसऱ्यांदा जुन्या नाशकात, एका निकाहला. तिथे लेडीज साइडला पुरुष कॅमेरावाला चालत नाही, आणि माझ्याशिवाय कॅमेऱ्याला कोणी हात लावायचा नाही अशी बोलीच असते. पडद्याआड सगळ्या बायका, मधे नवरी. मी लॉक दोनदा तपासला, बोटं दुखेपर्यंत आवळला. घरी येऊन कार्ड लावलं. तोच पॅन. तोच वेग. नवरीवरून निघून चित्र या वेळी उजवीकडे, कोपऱ्यात गेलं, जिथे एक तरणी बाई लहान पोरांना सांभाळत बसली होती. ती नवरीची मोठी बहीण, नवऱ्याने सोडल्यामुळे माहेरी परत आलेली. फोटोत यायला नको म्हणून तिने पोरांची राखण मागून घेतली होती. एक पोर तिच्या केसांना झोंबत होतं आणि ती मात्र पोरांच्या डोक्यांवरून धाकटीकडे बघत होती.

या वेळी मी तो तुकडा कापायच्या आधी नवरीच्या अम्मींना फोन केला, चूक झाली म्हणून सांगायला. त्यांनी मोबाइलवर पाठवायला लावला. बऱ्याच वेळाने त्यांचा फोन आला. "बेटा, तेवढं काटू नको हां. बाकी काय पन काट."

त्यानंतर मला चैन पडेना. कारण हवं होतं. सलीमभाईंकडून नंबर घेऊन मी हरसूलला महालेंना फोन लावला. वाचणाऱ्यांतल्या काहींना वाटत असेल की तो माणूस कधीच वारला होता वगैरे. नाही. चांगला खणखणीत बोलत होता, मागून गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"काका, तुमचा ट्रायपॉड घेतलाय मी. त्याच्या लॉकला काही प्रॉब्लेम होता का हो?"

"लॉक? नाय. लॉक एक नंबर हाय. जड लय, पाठ गेली माझी त्याच्यापायी." मग त्यांनीच विचारलं, "का, फिरला का काय?"

मी फिरल्याचं त्यांना अजून सांगितलंच नव्हतं.

"तुमच्याकडे फिरायचा?"

"माझ्याकडं कशाला फिरंल, ताई? मीच फिरवायचो." ते हसले. "ष्टेजवर काय, सगळी नटूनथटून उभी. मला ते मागं उभे असत्यात ना, त्येंच्याकडं बघायची खोड. पार्टी वरडायची, नवरा-नवरी कुठं हायती म्हून. पैसं देताना भांडायची. असा धंदा ऱ्हातो का? बसला." आणि मग अगदी सहज, "कोणाकडं फिरला?"

मी काहीतरी बोलून फोन ठेवला. माणसाला खोड असते, मान्य. ती धातूच्या वस्तूला कशी लागेल? हेडच्या आत एकाच दिशेने फिरून फिरून झीज झाली असेल, असं मी मनाला समजावलं. पण मग ते एकदा डावीकडे गेलं आणि एकदा उजवीकडे गेलं, त्याचं काय?

असो. निर्णय झाला. प्राजूच्या लग्नाला नवाच न्यायचा. तिथे धोका पत्करणं शक्यच नव्हतं, आणि का, ते सांगते.

आमचं गाव सायखेडा. दादा — म्हणजे माझे वडील — गेले त्याला काही वर्षं झाली. तेव्हापासून आई आणि प्राजू तात्यांच्या, म्हणजे आमच्या काकांच्या आधाराने राहिल्या. तात्या चांगला माणूस. प्राजूचं शिक्षण, लग्न, सगळं त्यांनी पोटच्या पोरीसारखं केलं. कन्यादान तात्या-काकूंनी करायचं, हे ठरवावंही लागलं नाही, सगळ्यांनी ते धरूनच चाललं होतं. आणि आई? आईने स्वतःच आपली जागा ठरवून टाकली होती. ती कोठी सांभाळणार होती.

लग्नघरची कोठी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल. लाडू, तेलाचे डबे, आहेराची भांडी, मानाच्या साड्या, सगळं एका खोलीत, आणि किल्ली घरच्या विश्वासू माणसाकडे. ते काम मोठंच. पण नवरीच्या आईचं ते काम नव्हे. माझ्या लग्नात आई मोरपंखी शालू नेसून दादांच्या शेजारी पाटावर बसली होती. ते शूटिंग माझ्याकडे आहे. हळदीच्या दिवशी तिने प्राजूला हळद लावायला हात पुढे केला नाही, लांबून म्हणाली, "लावा गं, तुम्ही लावा." मी तिला बाजूला घेऊन भांडले.

"आई, तू स्टेजवर का येणार नाहीस? हे काय नवीन?"

"नवीन कुठं? रीत हाय ती." ती लाडू मोजून डब्यात भरत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "शुभकार्यात उगं कोणाच्या मनात किंतू नको. उद्या पोरीला काय झालं तं म्हनतील, आई पुढं झाली व्हती."

"कोण म्हणेल? तात्या?"

"भाऊजी नाय म्हननार. पन लोकं? आन मीच म्हनंल ना, वैशे. माझंच मन मला खाईल."

प्राजूनेही विचारून बघितलं होतं, रडून झालं होतं. मी विषय सोडून दिला. त्याची रुखरुख होती, पण लग्नाच्या घाईत तीही मागे पडली.

आता धोका काय ते कळलं असेल. तात्यांनी हौसेने मोठी एलईडी वॉल मागवली होती, सिनेमाच्या पडद्याएवढी. "अख्ख्या सायखेड्याला नवरी जवळून दिसली पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. माझ्या मास्टरचं चित्र थेट त्या पडद्यावर जाणार होतं. तिथे कापाकापी नाही. जे दिसेल ते सगळ्यांना, त्याच क्षणी. आणि जुना ट्रायपॉड कोणाकडे फिरेल हे मला न सांगता कळत होतं. भरल्या मांडवात आईला असं पडद्यावर आणलं तर ती आयुष्यभर माझ्याशी बोलली नसती. म्हणून नवा. जुना गाडीत होता तो केवळ नव्याला काही झालं तर म्हणून.

लग्न नाशिकबाहेरच्या एका लॉन्सवर. दुपारचा मुहूर्त. मधोमध कॅमेऱ्यासाठी फळ्यांचा प्लॅटफॉर्म, समोर स्टेज, स्टेजच्या एका बाजूला एलईडी वॉल आणि दुसऱ्या बाजूला, जरा मागे, कोठीची खोली. मी नवा ट्रायपॉड लावला, चित्र पडद्यावर सोडलं आणि ते बघून कपाळाला हात लावला. फळ्या ढिल्या होत्या. शेजारून कोणी चाललं तरी नवा हलका ट्रायपॉड थरथरायचा, आणि एवढ्या मोठ्या पडद्यावर ते चांगलंच दिसायचं. पाहुण्यांत कोणीतरी म्हणालं, "नवरीला थंडी वाजतीय का काय?" लोक हसले. तात्यांनी स्टेजवरूनच माझ्याकडे बघून हाताने खूण केली, हे काय चाललंय म्हणून.

मुहूर्त जवळ आला होता. मी झक मारत गाडीतून जुना आणला. तो त्या फळ्यांवर असा बसला जसा वर्षानुवर्षं तिथेच उभा आहे. चित्र स्थिर. मग मी पॅनचा लॉक आवळला, आणि तेवढ्यावर विश्वास नव्हता म्हणून काळी कापडी चिकटपट्टी घेऊन हँडल ट्रायपॉडच्या पायाला बांधून टाकलं. चांगले घट्ट वेढे दिले, हातांनी हिसका देऊन बघितलं. आता फिरून दाखव, म्हटलं.

प्राजू स्टेजवर आली. अंतरपाट धरला. गुरुजींनी कॉलरला माइक लावून मंगलाष्टकं सुरू केली आणि मी हातातला कॅमेरा घेऊन स्टेजच्या पायऱ्यांशी गेले. पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. दुसरं झालं. तिसरं चालू असताना मला जाणवलं की मागचा गलका कमी झालाय. मंगलाष्टकांच्या वेळी लोक गप्पा मारतात, पोरं रडतात, जेवणाच्या रांगेकडे पळापळ चालू असते. ते सगळं थांबत चाललं होतं. मी मागे वळले. लोक स्टेजकडे बघतच नव्हते. सगळ्यांच्या माना पडद्याकडे होत्या.

पडद्यावर आई होती.

कोठीच्या दाराला टेकून उभी, साधी पांढुरकी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. उजवी मूठ घट्ट मिटून छातीशी धरलेली. गुरुजी म्हणत होते ते शब्द न शब्द तिच्या ओठांवर. "सावधान" झालं, मांडवभर अक्षता उडाल्या, आणि तिचा हात जरासा उचलला गेला... आणि परत छातीशी गेला. लेकीच्या डोक्यावर लांबूनसुद्धा अक्षता टाकायला तिचा हात उठत नव्हता. आणि ते एवढं मोठं दिसत होतं की तिच्या गालावरून काय ओघळतंय तेही लपत नव्हतं.

मी धावत प्लॅटफॉर्मवर चढले. पहिला विचार एकच, हे परत स्टेजवर फिरव. हँडलला हात घातला. हँडल पायाला बांधलेलंच होतं. पट्टीचा एकही वेढा सुटलेला नव्हता, फाटलेला नव्हता. लॉक आवळलेला. आणि कॅमेरा कोठीकडे तोंड करून उभा. मी नखाने पट्टीचं टोक उकरायला लागले. स्टेजवरून तात्या हातवारे करत होते — इकडे, इकडे फिरव! मी एकदा वर पडद्याकडे बघितलं, आणि मग मला ते टोक उकरणं जमेना. खोटं कशाला बोलू, जमेना म्हणजे मी सोडून दिलं. हात खाली घेतला.

एवढ्यात अंतरपाट हलला. स्टेजवरच्या बायका "अगं, अगं" करत असताना प्राजूने बाजूने मान बाहेर काढली होती. मांडव एवढा शांत का झाला ते तिला बघायचं होतं. तिने पडदा बघितला. ती गुरुजींच्या अगदी जवळ होती, त्यामुळे तिचा आवाज त्यांच्या माइकमधून अख्ख्या लॉन्सवर ऐकू आला.

"गुरुजी, थांबा जरा. माझी आई येऊ दे."

आईच्या ते लक्षात आलं असावं. पडद्यावर ती दचकली, पदर पुढे ओढला आणि कोठीत शिरली. मग पडद्यावर नुसतं उघडं दार. शेकडो माणसं त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, झालं, आता ती बाहेर येत नाही आणि मला जन्मात माफ करत नाही.

तात्या स्टेजवरून उतरले. फेटा सावरत तरातरा चालत कोठीशी गेले. मी हातातला कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे पळाले. का, ते माहीत नाही, हातात कॅमेरा असला की पाय आपोआप पळतात. आई तेलाच्या डब्यांपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"वहिनी, चला."

"नको हो भाऊजी. कोठीत कोनी नाय. आहेराचं सगळं उघडं पडलंय."

"किल्ली द्या हिकडं."

आईने किल्ली दिली नाही. तात्यांनीच तिच्या कमरेचा जुडगा काढून घेतला, तिला हाताला धरून बाहेर आणली, दार ओढलं आणि कोठीला कुलूप घातलं. इतक्या वर्षांत त्यांनी वहिनीच्या हाताला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. कुलूप ओढून बघत ते म्हणाले, "लय झालं, वहिनी. हे मला आधी सुचाया पाह्यजे व्हतं. आता पोरगी थांबलीय तुमच्यापायी."

आई चालत आली. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. लोकांनी नुसती वाट करून दिली. काकूने तिला आपल्या आणि प्राजूच्या मधे उभं केलं. गुरुजी म्हणाले, मुहूर्त आहे अजून, आणि राहिलेली मंगलाष्टकं म्हटली. शेवटच्या "सावधान"ला आईने मूठ उघडली, तर अक्षता घामाने चिकटून त्यांचा गोळा झाला होता. तो तसाच्या तसा प्राजूच्या मुंडावळ्यांवर पडला आणि ती रडता रडता हसली. मी फोकस करत होते आणि मला काहीच दिसत नव्हतं.

आता राहिलेलं सांगते.

एडिटिंगला बसल्यावर मी मास्टरचं चित्र पुन्हा पुन्हा बघितलं. कॅमेरा कोठीवर थांबून राहिला नव्हता. आई कुलुपापासून निघाली तेव्हा तो तिच्याबरोबर निघाला. तिच्या वेगाने, ती जिकडे चाललीय तिकडे थोडी मोकळी जागा सोडून, जशी जाणता माणूस सोडतो. ती थांबली तिथे थांबला. स्टेजवर ती उभी राहिली तशी फ्रेम बरोबर स्टेजवर. आणि त्याच वेळचं माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचं चित्र आहे. त्यात आईच्या मागे प्लॅटफॉर्म दिसतो. प्लॅटफॉर्मवर ट्रायपॉड आहे. माणूस कोणी नाही.

सगळ्यांना वाटतं ते मीच केलं. तात्या पाहुण्यांना सांगतात, "आमच्या वैशालीनं डोकं लढवलं." प्राजूने गळ्यात पडून थँक्यू म्हटलं. आईने पूजेच्या दिवशी मला एकटीला गाठून विचारलं, "तूच फिरवला ना?" मी नाही म्हटलं. "खोटं नको बोलू. पयल्यांदा लय राग आला तुझा. असं चारचौघांत उघडं पाडलं म्हून." मग माझा हात हातात घेऊन दाबला. "पन बरं केलं, बाई." त्यानंतर पुन्हा नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. न केलेल्या गोष्टीची शाबासकी अशी सांभाळत बसणं फार अवघड असतं, कोणी अनुभवलं असेल तर कळेल.

नवा ट्रायपॉड मी परत केला. सलीमभाईंनी कारण विचारलं, मी म्हटलं, पॅन अडकतो. जुना माझ्याकडे आहे. त्या दिवसानंतर तो एकदाही आपणहून फिरलेला नाही. वेगवेगळे हॉल, लॉन्स, घरं, सगळीकडे लावून बघितला. घरी बटाट्यांचा प्रयोगही पुन्हा केला. दगडासारखा उभा राहतो. चिकटपट्टी न फाटता कॅमेरा कसा फिरला, हे कोणी शास्त्र शिकलेलं मला समजावून देणार असेल तर मी आनंदाने ऐकेन. मला अजून कोणी पटेल असं सांगितलेलं नाही, आणि डोक्यातून ते जातही नाही.

हल्ली मी एक करते. मंगलाष्टकं सुरू झाली की पॅनचा लॉक सैल सोडते, हँडलवरचा हात काढून घेते आणि जरा वेळ वाट बघते. तो काही फिरत नाही. मग मीच मान वळवून मांडवभर बघते... कोठीचं दार, जिन्याखालची जागा, पंगतीच्या मागचा कोपरा. कोणी ना कोणी असतंच. मग हँडल हातात घेते.